‘झालं’, ‘नाही झालं’ आणि ‘माहीत नाही’ : रेंज नसताना पेमेंटचं नेमकं काय होतं?

ही या भागाची लेखी प्रत. बोलताना येणारे ‘म्हणजे’, ‘तर’, ‘बरं का’ बरेचसे काढलेत, थोडे राहिलेत. तेवढे चालवून घ्या.

आजचा प्रश्न एका ओळीचा आहे. दुकानात क्यूआर कोड स्कॅन केला, पिन टाकला, चक्र फिरायला लागलं आणि रेंज गेली. पैसे गेले की नाही गेले?

मी शहापूर तालुक्यातला. आसनगावहून लोकल पकडून नोकरीला जातो आणि तिथे दिवसभर एका कॉम्प्युटरचा निरोप दुसऱ्या कॉम्प्युटरला नीट पोचेल असे प्रोग्रॅम लिहितो. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी गावात कुणाचं पेमेंट अडकलं की मोबाईल माझ्या हातात येतो. ‘तू इंजिनिअर ना? मग सांग, पैसे कुठं गेले?’ एकेकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदा सगळं ओळीने सांगावं म्हणून हा भाग.

धसईपासून सुरुवात करू

मुरबाड तालुक्यातलं धसई गाव आठवतंय? ८ नोव्हेंबर २०१६ ला पाचशे आणि हजारच्या नोटा बंद झाल्या आणि तीन-चार आठवड्यांत, १ डिसेंबर २०१६ ला, धसई हे राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून जाहीर झालं. तेव्हाचे अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार आले होते. स्वातंत्र्यवीर सावरकर प्रतिष्ठान आणि बँक ऑफ बडोदा यांनी मिळून दुकानदारांना कार्ड स्वाइप करायची मशिनं दिली. धसई ही आसपासच्या वाड्यापाड्यांची बाजारपेठ, म्हणजे जागा काही चुकीची निवडली नव्हती. टीव्हीवर धसई, पेपरात धसई.

वर्षभराने पुन्हा पेपरवाले आले, तेव्हा बातमी उलटी होती. गाव बऱ्याच प्रमाणात रोखीवर परतलेलं. कारणं अनेक सांगितली गेली, पण नेटवर्कचा त्रास त्यात होताच.

पुष्कळ जण यातून असा अर्थ काढतात की गावच्या लोकांना नवीन तंत्र जमत नाही. मला हे अजिबात पटत नाही. आज त्याच तालुक्यात भाजीवालीच्या टोपलीला क्यूआर कोड लटकलेला दिसतो. लोक तेच, गाव तेच. मग बदललं काय? एक म्हणजे २०१६ नंतर फोर-जी गावोगाव आलं. दुसरं, मशीन लागेनासं झालं, कागदाचा एक चौकोन पुरतो. तिसरं, १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डाच्या व्यवहारावर दुकानदाराकडून घेतला जाणारा एमडीआर म्हणजे व्यवहारशुल्क शून्य झालं.

पण एक गोष्ट बदलली नाही, आणि ती बदलणारही नाही. ती आधी समजून घेऊ.

नोट आणि निरोप

मुरबाडवरून माळशेजकडे जाताना वैशाखरे लागतं आणि तिथून नाणेघाट चढता येतो. सातवाहनांच्या काळात कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल याच वाटेने जुन्नरकडे जायचा. वर दगडात कोरलेला मोठा रांजण आहे, त्यात जकात जमा होत असे असं सांगतात.

आता त्या रांजणात नाणं टाकणारा व्यापारी डोळ्यांपुढे आणा. नाणं त्याच्या हातातून सुटलं की रांजणात पडलं. मध्ये काही नाही. ‘माझ्याकडून गेलं पण तुमच्याकडे आलं नाही’ ही अवस्थाच रोखीत नसते. देणं आणि मिळणं ही एकच घटना असते.

मोबाईलवरच्या पेमेंटमध्ये नाणं नसतं, निरोप असतो. माझ्या बँकेच्या वहीत दोनशे रुपये वजा आणि तुमच्या बँकेच्या वहीत दोनशे रुपये जमा. दोन वह्या दोन वेगळ्या इमारतींत आहेत आणि त्यांच्यामध्ये निरोपाची ये-जा आहे. निरोप म्हटला की तो वाटेत हरवू शकतो.

नाणेघाटाचंच उदाहरण पुढे नेतो. घाटमाथ्यावरचा व्यापारी खाली निरोप धाडतो : ‘उद्या पहाटे माल उतरवतो, बैल तयार ठेवा.’ जासूद पोचला की वाटेत अडकला? वरच्याला कळायला मार्ग नाही. म्हणून खालचा माणूस उलट निरोप धाडतो : ‘समजलं.’ आता हा ‘समजलं’ वर पोचला की नाही, ते खालच्याला कळत नाही. मग वरून ‘तुमचं समजलं मिळालं’. तेही पोचलं कशावरून? कितीही जासूद पाठवा, शेवटचा निरोप ज्याने पाठवला त्याच्या मनात शंका उरतेच.

कॉम्प्युटरच्या अभ्यासक्रमात याला दोन सेनापतींचा प्रश्न म्हणतात. जिम ग्रे नावाच्या शास्त्रज्ञाने १९७८ मध्ये त्याला हे नाव दिलं. निरोप हरवू शकत असतील तर दोघांची पूर्ण खात्री होणं अशक्य आहे, हे गणिताने सिद्ध झालेलं आहे. म्हणजे पैसा ओतला, चांगले इंजिनिअर लावले, तरी हा प्रश्न मिटत नाही. फक्त त्याचा त्रास कमी करता येतो.

पिन टाकल्यावर काय काय घडतं

यूपीआय एप्रिल २०१६ मध्ये आलं. त्यातला साधा व्यवहार असा चालतो :

१. तुमच्या मोबाईलवरून विनंती निघते, टॉवरमार्गे तुमच्या अ‍ॅपशी जोडलेल्या बँकेकडे जाते.
२. तिथून ती एनपीसीआयच्या मधल्या यंत्रणेकडे जाते. टपाल कार्यालयातल्या सॉर्टिंगसारखं काम तिथे होतं.
३. एनपीसीआय तुमच्या बँकेला सांगते : पिन तपासा आणि पैसे वजा करा.
४. ते झालं की दुकानदाराच्या बँकेला सांगते : पैसे जमा करा.
५. मग दोन्ही बाजूंना उत्तर जातं : झालं.

आता नीट बघा. यातली गावची रेंज फक्त पहिल्या आणि पाचव्या पायरीत लागते. दोन, तीन, चार या पायऱ्या मोठमोठ्या डेटा सेंटरांच्या आपसात घडतात. तिथे किन्हवलीची किंवा डोळखांबची रेंज कुणी विचारत नाही.

म्हणून आजच्या भागातलं पहिलं वाक्य लक्षात ठेवा : पिन टाकल्यावर रेंज गेली म्हणजे पेमेंट थांबलं असं नाही. विनंती एकदा टॉवरपलीकडे गेली असेल तर पैसे पोचलेही असतील. तुमच्यापर्यंत फक्त उत्तर आलेलं नाही.

तुमच्या बाजूने दोन्ही गोष्टी सारख्याच दिसतात. विनंती गेलीच नाही तरी चक्र फिरतं, आणि काम होऊन उत्तर अडकलं तरी चक्र फिरतं. चक्र सांगत असतं ‘माहीत नाही’. आपण ऐकतो ‘नाही झालं’. सगळा घोळ इथे आहे.

दोघंही खरं बोलत होते

आमच्या बाजूच्या एका किराणा दुकानातली गोष्ट. पाड्यावरच्या एक मावशी तेल, डाळ, मीठ घ्यायला आल्या होत्या. सोबत मुलगा, मोबाईल त्याचा. बिल तीनशे चाळीस. मुलाने पिन टाकला, चक्र फिरलं आणि थोड्या वेळाने बँकेचा मेसेज आला : तीनशे चाळीस वजा. दुकानातला बोलका डबा मात्र गप्प. दुकानदार म्हणाला, ‘माझ्याकडे आले नाहीत, मी माल कसा देऊ?’ मावशी म्हणाल्या, ‘आमचे गेलेत, मेसेज बघा ना.’ आवाज चढले. मावशींच्या त्या दिवसाच्या मजुरीचा मोठा हिस्सा त्या पिशवीत होता आणि दुकानदाराचं मार्जिन पाच-दहा रुपयांचं. दोघांपैकी कुणालाच तीनशे चाळीस सोडून देणं परवडणारं नव्हतं.

मी तिथे होतो. कुणीही खोटं बोलत नव्हतं. एका वहीत वजा झालं होतं आणि दुसऱ्या वहीचं उत्तर यायचं होतं. शेवटी दुकानदाराच्या मोबाईलला दाराबाहेर जाऊन रेंज मिळाली, त्याने बँकेचं अ‍ॅप उघडलं, तर रक्कम जमा होती. डब्यालाच रेंज नव्हती.

दुकानातल्या त्या स्पीकरमध्ये स्वतःचं वेगळं सिम असतं. म्हणजे एका पेमेंटच्या वेळी गिऱ्हाइकाचं नेटवर्क, डब्याचं नेटवर्क आणि मेसेज आणणारं नेटवर्क अशी तीन वेगळी माणसं वेगवेगळ्या वाटांनी येत असतात. एक जण उशिरा आला म्हणून बाकीचे दोघे खोटे ठरत नाहीत. डबा बोलला तर पैसे आले. डबा बोलला नाही, तर एवढंच कळतं की डबा बोलला नाही.

फुल रेंज दाखवतंय, तरी का अडकतं?

हा दुसरा नेहमीचा प्रश्न. यूपीआयच्या एका व्यवहाराला डेटा अगदी थोडा लागतो, एका फोटोच्या मानाने काहीच नाही. मग स्पीड कमी असला तरी काय बिघडतं?

पहिलं कारण, वरच्या रेघा फक्त टॉवरचा आवाज तुम्हाला किती ऐकू येतो ते सांगतात. तुमचा आवाज टॉवरला ऐकू जातो का, ते सांगत नाहीत. टॉवर दहा-वीस वॅट किंवा त्याहून जास्त ताकदीने बोलतो. फोर-जी मोबाईलची ताकद असते जास्तीत जास्त पाव वॅटच्या आत. जत्रेतला लाऊडस्पीकर लांबवर ऐकू येतो, पण तुम्ही लांबून हाक मारली तर माईकवाल्याला ऐकू जाईल का? तसं.

दुसरं, डोंगर. मुरबाडचा पूर्वेकडचा सगळा पट्टा सह्याद्रीच्या पायथ्याला आहे. टॉवर आणि घर यांच्यामध्ये डोंगराची सोंड आली की मागे सावली पडते, उन्हाची पडते तशीच. चार पावलं बाजूला गेलं की रेंज येते, ती सावलीतून बाहेर पडल्यामुळे.

तिसरं, गर्दी. पौष पौर्णिमेपासून म्हसा गावात म्हसोबाची जत्रा भरते. बैलांचा बाजार, घोंगड्या, तमाशाचे तंबू, सगळं एका गावात. एरवी काही शे मोबाईल सांभाळणाऱ्या टॉवरवर हजारो येतात. मोबाईलला टॉवरशी बोलायच्या आधी ‘मला बोलायचंय’ म्हणून हात वर करावा लागतो. खूप जणांनी एकदम हात वर केले की टॉवरला कुणाचाच नीट दिसत नाही. मग प्रत्येक जण थोडं थांबून परत हात वर करतो. रेघा पूर्ण, पण पाळीच येत नाही.

चौथं, वाट पाहण्याची पद्धत. इंटरनेटवर एखादं पाकीट हरवलं तर मोबाईल ते परत पाठवतो, पण लगेच नाही. साधारण एक सेकंद थांबतो, मग दोन, मग चार, मग आठ, असं अंतर दुप्पट करत जातो. सगळ्यांनी एकदम परत पाठवून गर्दी वाढवू नये म्हणून हा नियम आहे. पण त्यामुळे चार-पाच पाकिटं हरवली की अर्धं मिनिट सहज जातं. यूपीआयमधल्या यंत्रणा एकमेकींच्या उत्तरासाठी इतका वेळ थांबत नाहीत. पूर्वी ही मुदत ३० सेकंदांची होती, २०२५ मध्ये पेमेंटसाठी ती १५ सेकंदांवर आणली.

आणि पाचवं कारण आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहे : लाईट. लाईट गेली की टॉवर बॅटरीवर चालतो, बॅटरी संपली की गावच गप्प.

आमच्या तालुक्यात भातसा, तानसा, मोडकसागर ही मुंबईला पाणी देणारी धरणं आहेत आणि उन्हाळ्यात पाड्यांवर टँकर येतो. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही म्हण आम्ही जगतो. नेटवर्कचंही तसंच आहे. मुंबई-नाशिक महामार्ग आणि कसारा रेल्वेमार्ग तालुक्यातून जातात. रेल्वेमार्गाच्या कडेने ऑप्टिकल फायबर टाकण्याचं काम रेलटेल २००० सालापासून देशभर करतेय. भारतनेटमधून फायबर ग्रामपंचायतीपर्यंत नेण्याची योजना आहे. पण ग्रामपंचायतीच्या कार्यालयापासून पाडा तीन-चार किलोमीटर आत असेल, तर त्या शेवटच्या टप्प्याचं काय? पाणी असो की डेटा, अडतं ते शेवटच्या टप्प्यातच.

मग करायचं काय?

गिऱ्हाइकांसाठी :

- चक्र फिरत असेल तर लगेच दुसऱ्यांदा स्कॅन करू नका. प्रत्येक व्यवहाराला एक वेगळा क्रमांक असतो. तोच निरोप परत गेला तर यंत्रणा क्रमांक बघून ओळखते आणि पैसे दोनदा कापत नाही. पण तुम्ही नव्याने स्कॅन केलंत की क्रमांक नवा, व्यवहार नवा, आणि दोन्ही व्यवहार होऊ शकतात.
- दीड-दोन मिनिटं थांबा, रेंजमध्ये या आणि अ‍ॅपमध्ये त्या व्यवहाराची स्थिती बघा. ‘सक्सेस’ किंवा ‘फेल्ड’ दिसलं तर प्रश्न मिटला. ‘पेंडिंग’ असेल तर त्याचा अर्थ खरोखरच ‘माहीत नाही’.
- पेंडिंग व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर क्रमांक दिसत असेल तर लिहून ठेवा. बँकेत तोच विचारतात.
- लहानसहान खरेदीसाठी यूपीआय लाइट चालू करून ठेवा. त्यात ५,००० रुपयांपर्यंत ठेवता येतात आणि एका वेळी १,००० पर्यंत पिनशिवाय देता येतात. नेट लागतंच, पण दरवेळी तुमच्या बँकेच्या मुख्य खात्याला हात लावावा लागत नाही, म्हणून अडकायची एक जागा कमी होते.
- साध्या बटणाच्या फोनवर *९९# किंवा यूपीआय १२३पे वापरता येतं. त्यांना इंटरनेट लागत नाही, कॉल लागण्याइतकी रेंज लागते.

दुकानदारांसाठी :

- गिऱ्हाइकाच्या मोबाईलवरचा स्क्रीनशॉट हा पुरावा धरू नका. खोटी अ‍ॅप्स हिरवी टिकमार्क दाखवतात. स्वतःचं खातं बघा.
- पण डबा गप्प आहे म्हणून गिऱ्हाइकाला खोटंही ठरवू नका. आधी दुसऱ्या कंपनीच्या सिमवरून अ‍ॅप उघडून बघा. दुकानात दोन वेगळ्या कंपन्यांची सिम असलेला एक मोबाईल ठेवला तर निम्मी भांडणं मिटतात.
- ओळखीचं गिऱ्हाईक असेल तर वहीत तारीख, रक्कम आणि यूटीआर लिहा. उधारीची वही आपल्याकडे आहेच. तिच्यात ‘पेंडिंग’चा एक रकाना वाढवा.

आणि पैसे खरंच अडकले तर? रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक आहे. तुमच्या खात्यातून वजा झाले पण समोरच्या व्यक्तीला जमा झाले नाहीत, तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत ते आपोआप परत यायला हवेत. दुकानदाराला केलेल्या पेमेंटसाठी ही मुदत पाच दिवसांची आहे, कार्ड मशीनलाही तीच. त्यापुढे प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि ती तक्रारीची वाट न बघता द्यायची आहे. नाही मिळाली तर बँकेत लेखी तक्रार द्या. तीस दिवसांत दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. अडकलेले पैसे परत मिळवून देतो म्हणून कुणाचा फोन आला तर ओटीपी आणि पिन अजिबात सांगायचा नाही. फसवणूक झालीच तर त्याच घटकेला १९३० लावा.

माझ्या धंद्यातल्या मंडळींसाठी दोन शब्द

ऐकणाऱ्यांत प्रोग्रॅम लिहिणारे बरेच आहेत. आपण शहरात बसून, चांगल्या वायफायवर अ‍ॅप तपासतो. तिथे उत्तर दोनच प्रकारचं येतं, हो किंवा नाही. आपण स्क्रीनही दोनच बनवतो, हिरवा आणि लाल. उत्तर आलं नाही की लाल. इथेच आपण खोटं बोलतो. वेळ संपली म्हणजे काम फसलं असं नसतं, आपल्याला कळलं नाही एवढंच असतं.

म्हणून तीन नियम. विनंती पाठवण्याआधीच तिचा क्रमांक तयार करा आणि मोबाईलमध्ये जपून ठेवा. रेंज आली की तोच क्रमांक घेऊन आधी ‘काय झालं?’ विचारा, नवी विनंती नंतर. आणि ‘माहीत नाही’ यासाठी वेगळा स्क्रीन करा, मराठीत, मोठ्या अक्षरांत : ‘अजून कळलेलं नाही. पुन्हा पैसे देऊ नका. थोड्या वेळाने बघा.’

हे फक्त पेमेंटपुरतं नाही. रेशन दुकानातल्या ई-पॉस मशीनवर आजीने बोट ठेवलं आणि उत्तर आलं नाही, तर ‘बोट जुळलं नाही’ आणि ‘सर्व्हरशी बोलणं झालं नाही’ हे दोन वेगळे निरोप तिला मिळायला हवेत. पहिल्यात तिने बोट पुसून परत ठेवायचं असतं, दुसऱ्यात तिच्या बोटाचा काही दोषच नसतो. भातलावणीचा दिवस मोडून, दोन मैल चालत आलेल्या माणसाला हा फरक सांगायलाच पाहिजे.

नेटवर्क सुधारेल, टॉवर वाढतील. तरी निरोप हरवणं पूर्ण थांबणार नाही. तोवर समोरच्याचं उत्तर आलं नाही म्हणून त्याला लबाड समजायचं नाही, एवढं आपल्या हातात आहे. मशीनच्या बाबतीत आणि माणसांच्याही.

पुढच्या भागात मोबाईलच्या बॅकअपबद्दल बोलू. फोटो ‘क्लाउड’वर आहेत म्हणजे नेमके कुठे आहेत, आणि मोबाईल विहिरीत पडला तर त्यातले किती परत मिळतील? प्रश्न असतील तर कळवा. आणि हा भाग तुमच्या नेहमीच्या किराणावाल्याला नक्की ऐकवा. भेटू.